गर्भाशयमुखाचा कर्करोग : छप्पन्न दिवसांचे उपचार

निफाड (प्रतिनिधी) : कांद्याच्या बाजारपेठेमुळे देशभर ठाऊक असलेल्या लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. साठवणुकीत कांद्याला कोंब फुटू नयेत, यासाठी कोबाल्ट-६० या किरणोत्सारी द्रव्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांची मात्रा तेथे कांद्याला देण्यात येऊ लागली. २००७ मध्ये अमेरिकेस निर्यात झालेल्या भारतीय आंब्यावरही येथेच प्रक्रिया झाली. निफाड तालुक्यातील शाळकरी मुलालाही या केंद्राची माहिती असते. याच कोबाल्टच्या किरणांनी गेली सत्तर वर्षे जगभर गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार होत आले आहेत, याची कल्पना मात्र तालुक्यात फारशी कोणाला नसते. ज्या स्त्रियांना ती असणे सर्वांत गरजेचे, त्यांना तर नसतेच.

ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे १,२७,५२६ नवे रुग्ण आढळले आणि ७९,९०६ स्त्रियांचा मृत्यू झाला. स्त्रियांच्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगानंतर याचाच क्रमांक लागतो. वास्तविक, ज्यांचे पूर्वरूप वर्षानुवर्षे आधी ओळखता येते आणि जे जागच्या जागी थांबवता येतात, अशा मोजक्या कर्करोगांपैकी हा एक होय. तरीही आपल्याकडील बहुसंख्य रुग्ण स्त्रिया रोग आसपास पसरल्यावरच रुग्णालयाची पायरी चढतात. अशा अवस्थेतही रोग बरा होण्याची आशा असते. पण तिला एक अट आहे, आणि ती दिवसांची आहे.

कोंब आणि गाठ

काढणीनंतर कांदा सुप्तावस्थेत असतो. पुढे त्याच्या गाभ्यातील पेशींचे विभाजन सुरू झाले की कोंब फुटतो. गॅमा किरणांनी या विभाजनक्षम पेशी निकामी होतात. बाकीचा कांदा होता तसाच राहतो. कर्करोगाची गाठ म्हणजेही थांबायचे विसरून विभागत राहणाऱ्या पेशींचा समूह. किरणांनी तिच्या पेशींतील गुणसूत्रांचे द्रव्य तुटते आणि पुढच्या विभाजनाच्या वेळी त्या मरतात. कांद्यासाठी वापरली जाणारी मात्रा शंभर ग्रेच्या आतली असते. (ग्रे हे किरणमात्रेचे एकक.) गर्भाशयमुखाच्या गाठीला संपूर्ण उपचारात मिळणारी एकूण मात्रा साधारण ८० ते ९० ग्रेच्या तोडीची, म्हणजे जवळपास तितकीच, भरते.

फरक आहे तो मात्रा देण्याच्या रीतीत. कांद्याला ती एका दमात देता येते. स्त्रीच्या शरीरात गाठीच्या पुढे मूत्राशय, मागे गुदाशय आणि वर आतड्यांची वेटोळी असतात. तेथे एका दमात एवढी मात्रा दिली तर गाठीबरोबर तेही जळेल. म्हणून रोज दोन ग्रेच्या आसपासचा छोटा हप्ता, सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे, असे सुमारे २५ हप्ते बाहेरून दिले जातात. निरोगी पेशी दोन हप्त्यांच्या मधल्या वेळेत आपली डागडुजी करून घेतात. कर्करोगाच्या पेशींना ते तितकेसे साधत नाही. मात्र मधला अवकाश वाढला की त्या पेशीही सावरतात आणि उरलेल्या पेशी अधिक वेगाने वाढू लागतात. या उपचारात खंड का चालत नाही, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे.

बाहेरून दिलेल्या किरणोपचारानंतर रुग्णाच्या अंगात किरणोत्सार उरत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. विकिरणित कांदा खाणाऱ्याला जशी बाधा होत नाही, तशीच घरी परतलेल्या स्त्रीपासून नातवंडांना कोणतीही बाधा होत नाही. तिची भांडी व अंथरूण वेगळे ठेवण्याचे काहीही कारण नाही.

आतून द्यावयाचे किरण

रुग्णांच्या बोलीत किरणोपचाराला ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. पाच आठवड्यांचे हे ‘लाइट’ संपता संपता रक्तस्राव थांबलेला असतो, दुर्गंधी गेलेली असते, वेदना कमी झालेल्या असतात. स्त्रीला बरे वाटू लागते, घरच्यांनाही हायसे वाटते. नेमक्या याच टप्प्यावर उपचार सोडले जाण्याचा धोका असतो. कारण उपचाराचा निर्णायक भाग अजून बाकी असतो.

हा भाग म्हणजे ब्रॅकीथेरपी. गर्भाशयाच्या पोकळीत व योनिमार्गात बारीक नळ्या बसवून त्यांतून इरिडियम किंवा कोबाल्टचा इवलासा स्रोत काही मिनिटांसाठी थेट गाठीपाशी नेला जातो. स्रोतापासून दूर जावे तशी किरणांची तीव्रता झपाट्याने घटते. त्यामुळे गाठीला मोठी मात्रा मिळते आणि मूत्राशय व गुदाशय बऱ्याच अंशी वाचतात. साधारणपणे तीन-चार बैठका होतात. भूल देऊन किंवा वेदनाशामक देऊन नळ्या बसवतात. काम झाले की त्या काढून घेतात व स्रोतही यंत्रात परत जातो. बाहेरील किरणोपचार कितीही आधुनिक यंत्रावर दिला तरी ब्रॅकीथेरपीची जागा तो घेऊ शकत नाही. उपचार केंद्र निवडताना पहिला प्रश्न यंत्राच्या किमतीचा नसावा. ‘ब्रॅकीथेरपी येथेच होते का, आणि तिची तारीख आजच मिळेल का?’ हा असावा.

पहिल्या हप्त्यापासून ब्रॅकीथेरपीच्या शेवटच्या बैठकीपर्यंतचा सगळा प्रवास आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत, पुरा व्हावा, असे जगभरच्या तज्ज्ञांचे मत आहे. त्यापुढे लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे अर्धा ते एक टक्क्याने घटते, असे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष आहेत. पंधरा दिवसांचा खंड पडला तर काय होते, हे सांगण्यास वेगळा हिशेब नको.

आता हे छप्पन्न दिवस निफाड तालुक्याच्या पंचांगात बसवून पाहावेत. ऑक्टोबरात द्राक्षांची छाटणी, मग डिपिंग व विरळणी, जानेवारीपासून काढणी, पाठोपाठ उन्हाळ कांद्याची काढणी. या सर्व कामांचा भार प्रामुख्याने स्त्रियांच्या रोजंदारीवर चालतो. हंगामातील दीड-दोन महिने म्हणजे वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा. ‘काढणी उरकली की जाऊ’ हे वाक्य घरात कोणी दुष्टपणाने उच्चारत नाही. अनेकदा ती स्त्री स्वतःच ते म्हणते. पण गाठ हंगामासाठी थांबत नाही.

औषधाची जोड

किरणोपचाराच्या पाच आठवड्यांत दर आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन हे औषध सलाइनमधून दिले जाते. त्यामुळे गाठीच्या पेशी किरणांना अधिक बळी पडतात. परदेशात ही पद्धत १९९९ नंतर रूढ झाली. परंतु आपल्याकडील रक्तक्षयाने ग्रासलेल्या, रोग बराच वाढलेल्या स्त्रियांना ती झेपेल का व फायदा देईल का, ही शंका होती. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने तिचे उत्तर शोधले. रोग ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोहोचलेल्या, म्हणजे ‘तीन-ब’ अवस्थेतील ८५० स्त्रियांवर २००३ ते २०११ या काळात चाचणी झाली व २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी ४६ टक्के, तर सोबत सिस्प्लॅटिन घेतलेल्यांपैकी ५४ टक्के स्त्रिया पाच वर्षांनी हयात होत्या. शंभरामागे आठ जीव, तेही जुन्या व स्वस्त औषधाने. ‘तिसऱ्या स्टेजला काही उरत नाही’ असे गावात सर्रास बोलले जाते. या आकड्यांपुढे ते टिकत नाही.

याच रुग्णालयाची २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेली दुसरी चाचणीही आपल्या समजुतींना धक्का देणारी आहे. ‘आधी औषधे देऊन गाठ लहान करू आणि मग ऑपरेशन करून काढून टाकू’ हा मार्ग कोणालाही सोपा व पक्का वाटतो. ६३५ स्त्रियांवरील या चाचणीत तो मार्ग सरस ठरला नाही. पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ६९.३ टक्के, तर किरणोपचार व सिस्प्लॅटिनच्या गटात ७६.७ टक्के होते. ‘ऑपरेशन होणार नाही म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले’ असा अर्थ काढणाऱ्या नातेवाइकांनी हा निष्कर्ष ध्यानी घ्यावा.

अलीकडे त्यात भर पडत आहे. भारतासह पाच देशांतील ५०० स्त्रियांवर झालेल्या ‘इंटरलेस’ चाचणीत किरणोपचारापूर्वी सहा आठवडे पॅक्लिटॅक्सेल व कार्बोप्लॅटिन ही औषधे दिल्यास पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर गेल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रोगप्रतिकारशक्तीला चेतवणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषधही वाढलेल्या रोगात उपयोगी ठरले आहे; त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे.

‘पिशवी’ काढण्याची घाई

लवकरच्या अवस्थेत, गाठ लहान व गर्भाशयमुखापुरती असताना, शस्त्रक्रिया हाच उत्तम उपाय ठरतो. मात्र ही शस्त्रक्रिया म्हणजे आपल्याकडे सर्रास होणारे ‘पिशवी काढण्याचे’ ऑपरेशन नव्हे. व्हिएन्नाचे शल्यविशारद अर्न्स्ट व्हेर्टहाइम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यापक शस्त्रक्रियेत गर्भाशयाबरोबर आजूबाजूच्या उती, योनिमार्गाचा वरचा भाग आणि ओटीपोटातील लसिकाग्रंथीही काढतात. ती कर्करोग शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतलेल्या सर्जननेच करावी. दुर्बिणीतून करावी की पोट उघडून, या वादात २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीने अनपेक्षित निकाल दिला. साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के, तर पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के निघाले. लहान टाके नेहमीच चांगले, हे या रोगात खरे ठरले नाही. अगदी सुरुवातीच्या रोगात, मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीचे गर्भाशय राखून केवळ मुखाचा भाग काढण्याची सोयही आहे.

ग्रामीण भागातील मोठे दुखणे निराळेच आहे. अंगावरून पांढरे जाते, पाळीत जास्त रक्तस्राव होतो, कंबर दुखते, एवढ्या तक्रारीवर ‘पिशवी खराब झाली आहे’ असे सांगून ती काढली जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला व सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या चर्चेत कर्करोगाचा मुद्दा मागे पडला. गर्भाशयमुखाची तपासणी न करताच पिशवी काढली आणि नंतर अहवालात कर्करोग निघाला, तर ती शस्त्रक्रिया अपुरी ठरते. भोवतालचा रोग तसाच राहतो. शिवाय ब्रॅकीथेरपीची नळी जिच्यात बसवायची ती पोकळीच नाहीशी झालेली असते. पुढचे सगळे उपचार त्यामुळे अवघड होतात. म्हणून पिशवी काढण्यास सांगितले असता त्याआधी पॅप तपासणी व गरज असल्यास तुकड्याची तपासणी झाली आहे का, हे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. काढलेली पिशवी प्रयोगशाळेत पाठवली का, हेही विचारावे आणि अहवाल जपून ठेवावा.

दुखणे अंगावर काढण्यापूर्वी

दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसणे, हे या रोगाचे मुख्य लक्षण होय. दुर्गंधीयुक्त पाणी जाणे हे दुसरे. कंबरेत सतत कळ, पायावर सूज, लघवी कमी होणे ही उशिराची लक्षणे; गाठीने मूत्रनलिका दाबली गेल्याची ती खूण असते. अशा वेळी मूत्रपिंडाचे काम घटते आणि सिस्प्लॅटिन देणेही कठीण होते.

तपासणीची जागा घराजवळ आहे. तीस वर्षांवरील स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची ‘व्हाया’ पद्धतीने तपासणी सरकारी असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात अंतर्भूत आहे. पातळ ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखाच द्रव, लावल्यावर विकृत भाग पांढरा दिसतो. प्रशिक्षित परिचारिकाही ही तपासणी करू शकते. मुंबईच्या वस्त्यांतील दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर टाटा रुग्णालयाने केलेल्या अभ्यासात या साध्या पद्धतीने मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले.

या विषयात मराठवाडा व सोलापूरच्या सीमेवरील गावांनी जगाला बरेच शिकवले आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली. नोंदणी कर्मचारी गावोगाव जाऊन लक्षणांविषयी बोलू लागले, तशा स्त्रिया रोगाच्या आधीच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. पुढे तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची तपासणी आयुष्यात केवळ एकदा केली तरी या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा त्याचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जागतिक धोरणाचा आधार ठरला. ज्या गटाची तपासणीच केली गेली नाही, त्याविषयी पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते गैरलागू नव्हते. त्या गटातील ६४ स्त्रिया दगावल्या. विषाणू तपासणीच्या गटात ३४.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, एवढे कळताच घरात संशयाचे बोट स्त्रीकडे वळते. ते अन्यायाचे आहे. बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होतोच आणि बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्या जणींत तो टिकून राहतो आणि कर्करोग होण्यास पुढे दहा-वीस वर्षेही लागतात. त्यामुळे रोगावरून कोणाच्याही चारित्र्याचा निवाडा करता येत नाही. या विषाणूचा व कर्करोगाचा संबंध दाखवणारे हाराल्ट त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ९ ते १४ या वयात लस घेतल्यास सर्वाधिक लाभ होतो. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे तपासणी टाळू नये.

प्रवास, पैसा आणि निवारा

तुकड्याचा अहवाल हाती येण्यापूर्वी कोणताही उपचार सुरू होऊ नये आणि अहवालात कर्करोग आल्यास एक दिवसही दवडू नये. नाशिकच्या शालिमार भागातील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय हे राज्य शासनाचे अतिविशेषोपचार रुग्णालय असून तेथे कर्करोग विभाग आहे. शहरात खासगी किरणोपचार केंद्रेही आहेत. अनेक कुटुंबांचा ओढा थेट परळच्या टाटा रुग्णालयाकडे असतो. तो स्वाभाविक आहे. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परतता येते. परंतु तपासणीसाठी एक फेरी मारणे आणि पाच आठवडे रोज हप्ता घेणे यांत अंतर आहे. परळला सल्ला घ्यावा आणि तोच उपचार नाशिकला घेता येईल का, हे तेथील डॉक्टरांनाच विचारावे. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते निफाडच्या स्त्रीसाठी रोज पोहोचता येईल ते केंद्र हेच बहुधा चांगले केंद्र. मुंबईत राहणे अटळ असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेक वर्षे कर्करुग्णांचा आधार आहे. तेथे जागेसाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडून चिठ्ठी घ्यावी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार, रसायनोपचार व शस्त्रक्रिया यांचा समावेश आहे. जुलै २०२४ पासून योजनेची मर्यादा प्रतिकुटुंब वार्षिक पाच लाख रुपये करण्यात आली व राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना ती खुली झाली. शिधापत्रिका, आधार कार्ड व तुकड्याचा अहवाल घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रास पहिल्याच दिवशी भेटावे. मंजुरीत गेलेले दिवस छप्पन्नात धरले जात नसले तरी गाठ वाढतच असते. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णांना रेल्वेतही मोठी सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते.

योजनेत न बसणारा खर्च म्हणजे बुडालेली रोजंदारी आणि सोबतच्या माणसाची बुडालेली रोजंदारी. त्याची तजवीज उपचार सुरू होण्यापूर्वीच घरात बसून करावी, आठवड्यानंतर नव्हे.

उपचारकाळात रक्तातील हिमोग्लोबिन दहाच्या वर ठेवण्याचा प्रयत्न असतो. प्राणवायू कमी पोहोचलेल्या गाठीवर किरणांचा परिणाम कमी होतो. त्यामुळे कधी रक्त चढवावे लागते. जुलाब, लघवीची जळजळ, थकवा हे त्रास अपेक्षित असतात व औषधांनी आटोक्यात येतात. जुलाब झाले म्हणून घरीच राहणे ही चूक. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. नंतरच्या वर्षांत आतड्यांचे दुखणे मागे लागू शकते. टाटा स्मारक केंद्राने शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागलेल्या ३०० स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, किरणांना गाठीच्या आकाराप्रमाणे वळण देणारे आधुनिक तंत्र वापरल्यास तीन वर्षांतील असे त्रास ४२.४ वरून २१.१ टक्क्यांवर आल्याचे २०२१ मध्ये दिसले.

ज्याविषयी कोणी बोलत नाही, असे दोन परिणाम आहेत. चाळिशीच्या आतील स्त्रीची पाळी किरणोपचाराने कायमची थांबते. आणि योनिमार्ग आकसतो. तो आकसू नये म्हणून करावयाचे सोपे उपाय असतात. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत डॉक्टर सांगत नाहीत आणि रुग्ण विचारत नाही. परिचारिकेला एकांतात विचारावे. शक्य असल्यास पतीने सोबत असावे.

इतर स्त्री-कर्करोग

उपचारांचा क्रम प्रत्येक कर्करोगात निराळा असतो. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग प्रायः पाळी गेल्यानंतर होतो. स्थूलता व मधुमेह असलेल्या शहरी स्त्रियांत त्याचे प्रमाण वाढते आहे. रक्त दिसताच तपासल्यास तो लवकर सापडतो आणि शस्त्रक्रियेने बहुतेकदा बरा होतो. बीजांडकोशाचा कर्करोग मात्र पोट फुगणे, अपचन, भूक मंदावणे अशा साध्या तक्रारींआड लपतो व बव्हंशी पसरल्यावरच कळतो. त्यात पोटातील दिसणारा सर्व रोग काढण्याची मोठी शस्त्रक्रिया आणि दर तीन आठवड्यांनी पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिनच्या साधारण सहा मात्रा, असा उपचार असतो. या रोगात बीआरसीए जनुकाची तपासणी केल्यास घरातील बहिणी-मुलींनाही सावध करता येते. गर्भपात किंवा द्राक्षगर्भानंतर उद्भवणारा वारेचा कर्करोग पसरलेला असला तरी औषधांनी बहुधा पूर्ण बरा होतो.

उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी व नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणीस जावे लागते. रोग परतलाच तर तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. मधल्या काळात पुन्हा रक्त दिसले, पाय सुजला किंवा कंबर सतत दुखू लागली, तर दिलेल्या तारखेची वाट न पाहता जुन्या कागदपत्रांची पिशवी घेऊन त्याच केंद्रात जावे. किरणमात्रेचा तपशील असलेला कागद त्या पिशवीत सर्वांत महत्त्वाचा. पुढे कोणत्याही रुग्णालयात गेले तरी डॉक्टर आधी तोच मागतात.